निर्जळी उपासाला हिमोग्लोबिन

किस्से गोळा करावे लागत नाहीत. बायकांच्या मंडळात आरोग्य शिबिर भरवा, संध्याकाळपर्यंत आठवडाभर पुरतील इतके जमतात. माझे एका हरतालिकेत जमले. ऐकून मैत्रिणी हसतात. मला अजून धड हसता येत नाही.

परदेशात पब्लिक हेल्थ शिकत होते तेव्हा तिथल्या देवळात मी दर हरतालिकेला व्हॉलंटियर असायचे. वाळूच्या पिंडीची पूजा उरकली की बायका कॉफीचे कप घेऊन आमच्या रक्ततपासणीच्या टेबलापुढे रांग लावायच्या, बोट पुढे करायच्या, वर थँक यू म्हणायच्या. मला वाटलं, इथे एवढा प्रतिसाद, तर आपल्या म्हैसूरला काय होईल! परत आले आणि चामराजपुरमच्या आमच्या मराठी मंडळात हरतालिकेलाच मोफत हिमोग्लोबिन तपासणी ठेवली. सगळ्या बायका एका जागी सापडतात, याहून चांगला दिवस कुठला?

एकच विसरले. तिथला उपास कॉफीवर चालायचा. इथे पाण्याचा थेंबही चालत नाही!

*

पहिल्या आल्या इंदूमावशी, आमच्या शेजारच्या. सुई बघताच हात मागे.

"अय्यो, आज बेड गं, नकोच! उपास आहे."

"एकच थेंब, मावशी. आत काही जात नाहीये, बाहेर येतंय. उपास मोडेल कसा?"

"बाहेर गेलेलं भरून यायला खावं लागतं ना? मग?"

पाच वर्षं शिकून आले होते मी. सुई परत डब्यात ठेवली!

*

पोस्टर मी स्वतः रंगवलं होतं. नाचणी, पालक, खजूर, शेंगदाण्याचा लाडू. मंडळाच्या अध्यक्ष वत्सलाकाकूंनी ते सरळ भिंतीवरून काढलं.

"उपाशी बायकांसमोर लाडू लावतेस? अक्कल आहे का?"

तासाभराने पोस्टर पुन्हा भिंतीवर दिसलं. मी आनंदाने धावत गेले. उलटं लावलं होतं! आमच्याकडे हरतालिकेबरोबर कन्नड पद्धतीची गौरीही असते आणि सवाष्णींना सुपातून वाण देतात. कोऱ्या बाजूवर ठसठशीत अक्षरात लिहिलं होतं: "वाणाची सुपं इकडे मिळतील."

*

दुपारपर्यंत एकच बोट मिळालं, सुजातावहिनीचं. ती गावाबाहेर हूटगळ्ळीला राहते, सातवा महिना चालू होता. मला हळूच हॉलच्या मागच्या बाजूला घेऊन गेली.

आकडा आला सहा. निदान अकरा हवा.

"वहिनी, आत्ता पाणी प्या. खा काहीतरी. आणि डॉक्टरकडे आजच जायचं."

"उद्या सगळं करते गं. पण सासूबाईंना बोलू नकोस. त्यांना वाटेल, उपास चुकवायला मी मुद्दाम आजच तपासून घेतलं."

*

मग मी तिच्या नवऱ्याला फोन केला. सुहासदादा इंजिनियर, शांत, समजूतदार.

"कळतंय मला, अनु. बाळालाही धोका आहे, कळतंय. पण हा उपास माझ्या आयुष्यासाठी ना? मीच मोड म्हणालो, आणि उद्या मला ॲक्सिडेंट झाला, तर लोक जन्मभर तिला बोलतील!"

म्हणजे तो तिच्याच काळजीने गप्प होता.

*

चारच्या आरतीला सुजातावहिनी उभ्या उभ्या खाली कोसळली. ओठ पांढरे पडले होते. रिक्षात मी, तिची सासू सावित्रीकाकू आणि वत्सलाकाकू. हॉस्पिटलमध्ये डॉक्टरबाई माझ्यावरच खेकसल्या, "सहा? आणि तुम्ही आत्ता आणताय? रक्त चढवावं लागेल."

वत्सलाकाकूंनी विचारलं, "डॉक्टर, त्याने उपास मोडतो का हो?"

डॉक्टरबाई दिवसभराच्या थकलेल्या. "तोंडातून जात नाही ना? मग नाही मोडत."

वत्सलाकाकूंचा चेहरा उजळला. माझ्याकडे वळून म्हणाल्या, "बघ! पुढच्या वर्षी शिबिरात ही सोय ठेव. सगळ्या येतील!"

*

बाळाचे ठोके लागत होते. डॉक्टरबाई म्हणाल्या, आज निभावलं. वत्सलाकाकू मंडळात परतल्या. बाहेरच्या बाकावर मी आणि सावित्रीकाकू उरलो. हिरवी रेशमी साडी, केसांत मोगरा, सकाळपासून त्यांच्याही पोटात पाणी नव्हतं. माझा तोल गेला.

"काकू, सातव्या महिन्यात कुणी निर्जळी करतं? तुम्ही अडवलं का नाही?"

"आम्ही नाही केला? सुहासच्या वेळी सातवाच होता. थेंब घेतला नाही. बघ कसा ठणठणीत आहे." त्यांनी पदर सारखा केला. "त्याच्या आधीही केला होता. तेव्हा आठवा होता."

"आधी? पण सुहासदादाच थोरला ना?"

"राहिलेल्यांत थोरला," काकू म्हणाल्या. मग पूजेच्या पिशवीतून एक केळं काढून माझ्या हातात ठेवलं. "तू खा. तुझा कुठे उपास आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी ठरवलं, आधी हॉस्पिटलला जायचं नाही. हूटगळ्ळीची बस पकडली. सुहासदादा हॉस्पिटलमध्ये वहिनीजवळ होता. घरी काकू एकट्या होत्या. त्या आठव्या महिन्याबद्दल मी त्यांना विचारलं.