पुस्तिकेत नसलेला आंबा

दोन शुक्रवार सुंदराबाई मासे घेऊन आली नाही, तेव्हा मी चिडचिडच केली. मेली, एक फोन करायला काय होतं हिला! तिसऱ्या आठवड्यात तिच्या मुलीचा, कल्पनाचा, फोन आला. "ताई, आई गेली. दिवसकार्यही झालं."

पवईला तळ्याकाठच्या कॉलेजच्या वसाहतीत मी तीस वर्षं राहिले, तिथल्याच ग्रंथालयात नोकरी केली. सुंदराबाई मागच्या दाराशी टोपली उतरवायची आणि सुरू व्हायची. वसाहत होण्याआधी तिच्या सासरचा पाडा तिथेच होता. ग्रंथालयासमोरचा आंबा तिच्या सासूनं, भागीरथीनं, लावलेला. "तळ्यावरनं हंडे वाहून जगवलाय तिनं. तुम्ही लोक नुसते सावलीला बसता!"

निवृत्तीच्या वर्षी नव्या विद्यार्थ्यांना वसाहतीची ओळख करून देणारी पुस्तिका लिहायचं काम माझ्याकडे आलं. सुंदराबाई हरखलीच. दोन दुपारी मला उन्हातून फिरवून विहीर कुठे होती, खळं कुठे होतं, सगळं दाखवलंन. आणि मी काय लिहिलं? 'पूर्वी येथे ओसाड माळरान होते. आजची वनराई हे आमच्या पिढीच्या श्रमांचे फळ.' तसं लिहा म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं हो. पाडा होता म्हटलं की तो उठला कसा, हेही लिहावं लागलं असतं... तेवढी हिंमत माझ्यात नव्हती. शिवाय ते वाक्य मला झकास वाटलं होतं, हेही खरं.

पुस्तिका छापून आली. हात पदराला पुसत ती म्हणाली, "वाच ना गं, आमचं कुठे आलंय?" तिला वाचता येत नव्हतं. आणि मी पानावर नजर ठेवून, नसलेलं वाचलं. "ग्रंथालयासमोरचा आंबा भागीरथीबाईंनी लावला." तिनं ते पुन्हा वाचायला लावलं. मग टोपलीतलं सगळ्यात मोठं पापलेट माझ्यासाठी काढून ठेवलं, आणि मी ते त्या दुपारी मिटक्या मारत खाल्लं. लाज वाटते.

फोन आला त्याच संध्याकाळी तिच्या घरी गेले. फोटोशेजारी ती पुस्तिका होती, प्लास्टिकच्या पिशवीत जपलेली. कल्पना म्हणाली, "येईल त्या पाहुण्याला सांगायची, माझ्या सासूचं नाव छापलंय म्हणून. मी दहादा शोधलं, ताई. नाही सापडलं. तिला काही बोलले नाही." मला मान वर करवेना. तिनं टेबलावरचं पेन माझ्यापुढे धरलं. "आता लिहा."

लिहिलं. समासात, त्या एका प्रतीत. परवा ग्रंथालयावरून आले, तेव्हा यंदाची नवी मुलं त्या आंब्याखाली बसून पुस्तिका चाळत होती. त्यांच्या हातात अजून ओसाड माळरानच आहे.