सुलभाताई डोळे मिटून ऐकायच्या

सुलभाताई मजकूर डोळे मिटून तपासायच्या. पहिल्या दिवशी मला वाटलं, बाईंना डुलकी लागली. मी माझी पोस्ट मोठ्याने वाचत होते आणि त्या खुर्चीत मागे रेलून, डोळे मिटून, हातावर हात ठेवून बसलेल्या. मी थांबले तर डोळे न उघडताच म्हणाल्या, "थांबली काहून वं? मी जागीच आहो. तिसऱ्या वाक्यात तुले श्वास पुरला नाही. तोड ते."

सीताबर्डीतलं आमचं ऑफिस म्हणजे तिसऱ्या मजल्यावरच्या दोन खोल्या. नोकरी-धंद्यातली माणसं ज्या साइटवर एकमेकांना स्वतःचं कौतुक ऐकवतात, त्या साइटवर दुसऱ्यांच्या वतीने पोस्टी लिहिणं हा आमचा धंदा. सुलभाताई गजभिये त्याआधी इतवारीतल्या एका छापखान्यात पंचवीस वर्षं प्रूफं तपासत होत्या. तिथे एक जण मूळ मजकूर मोठ्याने वाचायचा आणि दुसरा प्रुफावर बोट फिरवत चुका धरायचा. छापखाना बंद पडला आणि ताईंनी ती रीत आमच्याकडे आणली, फक्त बोट फिरवणं सोडून दिलं. "डोया लबाड असते," त्या म्हणायच्या. "त्याले जे पाहिजे तेच पायते. कानाले फसवता येत नाही."

आमच्या सरांचं सगळं लक्ष डोळ्याकडे. त्या साइटवर अक्षर ठळक करायची सोय नाही, म्हणून दुसऱ्या एका साइटवर जाऊन शब्द टाकायचा, तिथे तो जाडजूड होऊन मिळतो, तो उचलून इकडे चिकटवायचा. ही युक्ती ऑफिसात मी आणली आणि सगळ्यांना मीच शिकवली. प्रत्येक वाक्य नव्या ओळीवर, मध्ये बाण, आणि दर दोन ओळींनी एक जाड शब्द. मराठी अक्षरं मात्र तिथे जाड होत नाहीत. सरांनी मराठी पोस्टीच बंद केल्या, म्हणाले, उठून दिसत नाही. ताई तिथल्या तिथे म्हणाल्या, "उठून दिसाले ते काय बसून आहे, सर?"

जाड अक्षरांवर त्यांचा मुळातच राग. "लग्नाच्या पत्रिकेत सगळ्याच मामायचे नावं ठळक केले, तं नवरीचं नाव कुठं शोधाचं?" असं त्या मला चहा पिताना ऐकवायच्या. मी हसायचे आणि परत जाऊन जाड करायचे. ताईही फार ताणत नसत. कानाला बरोबर लागलं की पास. शिवाय घर त्यांच्या एकटीच्या पगारावर चालत होतं, आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी देणार कोण, हे त्यांना माहीत होतं.

एका खासगी दवाखान्याची जाहिरात आली. फोनवर बोलायला माणूस हवा होता. मी ती इंग्रजीत लिहिली आणि पदाचं नाव, अर्जाचा पत्ता, शेवटची तारीख, एवढं सगळं ठळक केलं. मी वाचून दाखवली, ताईंनी डोळे मिटून ऐकली, "जाऊ दे" म्हणाल्या. पोस्ट गेली.

शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी ताई ऑफिसात आल्या त्या बसल्याच नाहीत. त्यांच्या गल्लीत करुणा नावाची मुलगी राहते, बी.ए. झालेली. तिला दिसत नाही, फोन तिला स्क्रीनवरचं वाचून दाखवतो. सकाळी ती ताईंना म्हणाली होती, "मावशी, तुमच्या ऑफिसनं टाकलेली दवाखान्याची जाहिरात आयकली. पन जागा कायची, अर्ज कुठं कराचा, कधीपर्यंत, तेवढंच फोन सांगत नाही."

ताईंनी माझ्यासमोर त्यांचा फोन ठेवला. करुणाने त्यात वाचून दाखवायची सोय चालू करून दिली होती. फोन आमची पोस्ट खडाखडा वाचत गेला, आणि जाड शब्द आला की कुठे एकेका अक्षराला गणितातलं काहीतरी बडबडायचा, कुठे गपकन पुढे उडी मारायचा. मग कळलं, त्या साइटवरून आणलेली अक्षरं ही अक्षरंच नसतात, गणितातली चिन्हं असतात. आपल्या डोळ्यांना ती अक्षरं दिसतात, फोनला दिसत नाहीत. जे जे मी सगळ्यांच्या नजरेत भरावं म्हणून मोठं केलं होतं, तेवढंच करुणासाठी पुसलं गेलं होतं.

ताईंनी पोस्ट पुन्हा एकदा पहिल्यापासून ऐकली. मग म्हणाल्या, "हे मी पास केलं होतं. मले वाटे मी कानानं तपासतो. पन वाचून तं तू देत होती, तुया डोयानं पाहून."

त्या सरांकडे गेल्या, मागोमाग मी. सरांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "ताई, असे ऐकून वाचणारे किती असतील? एक? दोन? आता पोस्ट बदलली तर क्लायंट विचारेल काय चुकलं."

"मंग सांगा, सुलभा गजभियेनं चुकवलं. माहं नाव सांगा."

"पोस्टला हात लावायचा नाही. लावलात तर उद्यापासून येऊ नका."

चूक माझी होती. मी तिथे उभी होते. मला तेव्हा तोंड उघडायला हवं होतं आणि मी पाणी प्यायला निघून गेले. याची लाज मला आजही वाटते.

परत आले तेव्हा ताई दोन बोटांनी टाइप करत होत्या. जाड शब्द काढून त्यांनी साधे लिहिले, बाण उडवले, खाली तोच मजकूर मराठीतही घातला. मग करुणाला फोन लावला आणि स्पीकर चालू केला. "आयक बरं आता." पलीकडे करुणाच्या घरातल्या दुसऱ्या फोनवर तो यांत्रिक आवाज वाचत गेला. पद आलं, पत्ता आला, तारीख आली. खोलीत सगळ्यांनी ऐकलं. ताईंनी पर्स घेतली, डबा घेतला आणि सरांच्या दारात उभ्या राहिल्या. "दुरुस्ती केली, सर. छापखान्यात चुकलेलं पान आम्ही गिऱ्हाइकाले देत नव्हतो. उद्यापासून येत नाही."

त्या जिना उतरल्या आणि सर माझ्याकडे वळले. "ते पुन्हा बोल्ड कर."

मी म्हणाले, "मला येत नाही."

ऑफिसभर ते शिकवणारी मीच. सरांनी दुसऱ्या कोणालाही सांगितलं नाही, ते आत गेले. पोस्ट तशीच राहिली.

करुणाला ती नोकरी मिळाली नाही. मुलाखत झाली, घेतलं दुसऱ्याच कोणाला. मला फार वाईट वाटलं. ताईंना नाही. "नाही म्हनले, पन तिच्या तोंडावर म्हनले. पयले तं तिले दार कुठं आहे तेच समजत नव्हतं. आता आनखी तीन ठिकानी अर्ज टाकून राहिली."

मी आता दुसरीकडे काम करते. ताई घरीच लोकांची प्रूफं तपासतात, आणि शेवटचं वाचन करुणाच्या फोनचं. माझी पोस्ट गेली की तासाभरात त्यांचा मेसेज येतो, एकच शब्द, "आयकलं." मध्यंतरी नव्या साहेबांच्या आग्रहाखातर मी एक शब्द, फक्त एकच, जाड केला. दिवसभर मेसेज नाही. संध्याकाळी साहेबांना न विचारता मी तो साधा केला. ऑफिसातून निघेपर्यंत मेसेज आला.

"आयकलं. करुणानंही."