पाच दिनारांचं पिस्तूल

शैलेंद्र मेस्त्रीला कुणी अक्कल शिकवावी अशी वेळ एकोणीस वर्षांत कधी आली नव्हती. बहरीनला येऊन माणसं काय काय करून बसतात! हा गडी मात्र नाकासमोर चालणारा. पहाटे हमद टाउनच्या दोन खोल्यांच्या फ्लॅटमधून कंपनीच्या पिकअपने मआमीरला जायचं, वर्कशॉपमध्ये लेथवर उभं राहायचं, पंपाचे शाफ्ट कातायचे आणि संध्याकाळी घरी. शुक्रवारी मासे. ना उधारी, ना लफडं, ना कुणाच्या अध्यात. असा माणूस पन्नाशी उलटल्यावर पिस्तूल विकत घेतो, तेव्हा त्याला काय म्हणायचं? विकतचं दुखणं म्हणायचं, दुसरं काय!

झालं ते असं. जूनमधल्या एका शुक्रवारी तो समुद्रकाठच्या झल्लाक गावाला गेला होता. तिथे आतिका नावाच्या म्हाताऱ्या बाईचा नवरा वारला होता. नवरा बोटींचा मेकॅनिक, आणि त्याची हत्यारं ती विकायला काढणार असं मेस्त्रीच्या कानावर आलं होतं. जुन्या कानशी, आटे पाडायचे टॅप, डाय असल्या गोष्टी दिसल्या की मेस्त्रीचा पाय निघत नसे. त्याने पेटी उपसली आणि तळाशी तेलकट फडक्यात गुंडाळलेलं ते हाताला लागलं. तळहाताएवढं, काळपट, एका बाजूने गंज चढलेलं. अंगावर बारीक अक्षरांत स्पेनमधल्या एइबार गावाचं नाव.

"ये मर गया," आतिका म्हणाली. "पचास साल से मर गया. पाँच दिनार दो, ले जाओ. मेरे को घर में नहीं मंगता."

आता इथे माणसाने कानाला हात लावून उठावं की नाही? बिनपरवान्याचं हत्यार घरात सापडलं तर आधी तुरुंग आणि मग डिपोर्ट, हे लेबर कॅम्पातल्या नवशिक्यालाही ठाऊक असतं. मेस्त्रीलाही ठाऊक होतं. पण त्याने ते उघडून आत डोळा लावला आणि तिथेच फसला. आतल्या भागांवर कानशीच्या रेघा होत्या. मशीनच्या नव्हेत, हाताच्या. कुणीतरी शंभरेक वर्षांपूर्वी ते पोलाद शेगड्यात, म्हणजे व्हाइसमध्ये, धरून, घास घास घासून, एकेक भाग दुसऱ्यात बसवला होता. तो माणूस डावखुरा असणार, रेघा उलट्या उतरत होत्या. मेस्त्रीला एवढं दिसलं आणि त्याने खिशातून पाच दिनार काढले.

घरी आल्यावर त्याने मोबाईलवर शोधलं. पहिल्या महायुद्धात म्हणे फ्रान्सच्या सैन्याला पिस्तुलं कमी पडली, तेव्हा त्या एइबार गावातल्या लहानलहान कारखान्यांनी ती हजारोंनी करून दिली. स्वस्तातली, साधी. एका कारखान्याचा भाग दुसऱ्याच्या पिस्तुलाला बसेलच असं नाही. जगात लोक या मालाला नावं ठेवतात. मेस्त्रीला मात्र ते वाचून उलट बरं वाटलं. घाईत, कमी मजुरीत त्याच्यासारख्याच कुणा मेस्त्रीने केलेलं काम होतं ते.

खरं सांगायचं तर त्याला तेव्हा बरं वाटण्याची फार गरज होती. वर्षभरापूर्वी वर्कशॉपमध्ये कॉम्प्युटरवर चालणारी दोन नवी मशिनं आली होती. मालकाचा मुलगा हमझा आता सगळं बघायचा. त्यानेच मेस्त्रीला जुन्या लेथवरून काढून नव्या मशीनसमोर उभं केलं. आकडे टाका, बटण दाबा, दार लावा, बघत बसा. ज्या हातांनी मायक्रॉनचं काम केलं ते हात दिवसभर खिशात. पगार तोच, उलट काम हलकं. दुसरा कुणी असता तर देवाला नारळ दिला असता. मेस्त्री आतल्या आत सुकत चालला होता, आणि हे तो कुणाला बोललाही नाही. बायकोलाही नाही.

पिस्तुलाची आतली एक बारीक पिन तुटली होती. म्हणूनच ते मेलं होतं. ऑगस्टमध्ये एका दुपारी, सगळे नमाजाला आणि जेवायला गेले असताना, मेस्त्री आपल्या जुन्या लेथवर गेला आणि त्याने नवी पिन कातली. कशासाठी? त्यालाही नीट सांगता आलं नसतं. गोळ्या त्याच्याकडे नव्हत्या, कुणावर झाडायचंही नव्हतं. काम अर्धवट दिसलं, पुरं केलं. घरी न्हाणीघरात कडी लावून त्याने पिन बसवली, घोडा ओढला. खट् झालं. तो स्वच्छ आवाज ऐकून मेस्त्री लहान पोरासारखा हसला. त्या क्षणी पाच दिनारांचं भंगार खरं हत्यार झालं, एवढी साधी गोष्ट त्या शहाण्याच्या डोक्यात रात्री अंथरुणावर पडल्यावर शिरली. मग झोप कसली!

तेव्हापासून त्याची शांती गेली. जिन्यात बूट वाजले की छातीत धस्स. रस्त्यात पोलिसांची गाडी दिसली की तो उगाचच खाली बघायचा. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं. फेकून द्यावं म्हटलं तर झल्लाकच्या पाण्यात पोरं पोहतात, एखाद्याच्या हाताला लागलं म्हणजे? पोलिसांत नेऊन द्यावं तर पिन कुणी घातली विचारतील. आणि सगळं त्याच्या एकट्यावर थोडंच होतं? बायको विशाखा आणि मुलगी कश्मिरा, दोघी त्याच्याच व्हिसावर. कश्मिरा बारावीला. फेब्रुवारीत बोर्ड. हा गेला की त्या दोघीही गेल्या, पोरीची परीक्षा राहिली बाजूला. हे सगळं कळत होतं, तरी रोज हत्यारांच्या पेटीत तळाशी हात घालून ते आहे का हे तो चाचपत होताच.

आली खंडेनवमी. शुक्रवारच आला होता, सुट्टी. कुडाळकडे मेस्त्र्यांच्या घरात हा दिवस दिवाळीपेक्षा मोठा. पाटावर लाल कापड, त्यावर मोजमापाचं व्हर्नियर, कानशी, हातोडी, विशाखाची कात्री, कश्मिराचा लॅपटॉप. मेस्त्रीचा बाप सांगायचा, घरात हत्यार असलं तर वर्षातून एकदा त्याला फूल वाहावं, नाहीतर ते घरच्यावरच उलटतं. आधीच घाबरलेल्या माणसाला एवढं पुरे झालं. त्याने पहाटे उठून पिस्तूल पाटाच्या कोपऱ्यात ठेवलं, वर झेंडूचा ढीग घातला, हात जोडले आणि म्हणाला, बाबा रे, माझ्या घरावर उलटू नकोस. मग निवांतपणे आंघोळीला गेला. बोला आता!

तो बाहेर आला तेव्हा विशाखाने नैवेद्याचं ताट ठेवायला झेंडू बाजूला सारला होता, आणि पिस्तूल तिच्या हातात होतं.

"ह्या काय?" तिने विचारलं. नवराबायको घरात मालवणीच बोलत.

"शोपीस आसा. जुन्या बाजारातला."

विशाखाच्या वडिलांकडे शेतीरक्षणाची परवान्याची बंदूक होती. रानडुकरं हाकायला. दर निवडणुकीला ती पोलिस ठाण्यात जमा व्हायची आणि दसऱ्याला घरात तिला हळदकुंकू लागायचं. अशा घरातल्या बाईला शोपीस सांगता? तिने ते नाकाशी धरलं, बोटाला लागलेलं तेल बघितलं, त्याचं तोंड भिंतीकडे करून घोडा ओढला. खट्.

"शोपीसाक तेल घालतत काय?" ती म्हणाली. आवाज अजिबात चढला नाही, म्हणून मेस्त्री जास्त घाबरला. "माझ्या बापाशीच्या बंदुकेक कागद होतो. हेचो कागद खय आसा?"

मेस्त्रीने मान खाली घातली आणि सगळं सांगितलं. आतिका, एइबार, पिन, सगळं. विशाखा ऐकून घेत होती. शेवटी एवढंच म्हणाली, "कागद नाय. आणि चेडवाच्या परीक्षेक चार महिने रवले." आणि मग तिचे डोळे भरून आले.

तेवढ्यात कश्मिरा आतून आली. मेस्त्रीचा फोन तिच्या हातात होता. दर वर्षी पूजेचा फोटो काढून बाबांच्या फोनवर स्टेटस लावायचं काम तिचंच. यंदाचा तिने तो आंघोळीला गेल्या गेल्याच काढला होता.

"बाबा, डन," ती म्हणाली. "आय मूव्ह्ड द फ्लॉवर्स अ बिट. दॅट लायटर थिंग लुक्स सो कूल."

मेस्त्रीच्या तोंडचं पाणी पळालं. त्याने फोन हिसकावून स्टेटस उडवलं, पण तोवर सात जणांनी पाहिलं होतं. नावं त्याने उडवण्याआधीच वाचली होती. मेहुणा, गावचा भटजी, इथल्या मराठी मंडळातले चौघे, आणि हमझा.

तो दिवस त्या घरात कुणी नीट जेवलं नाही. कश्मिराला काय झालंय ते कुणी सांगेना, तिनेही दोनदा विचारून सोडून दिलं. संध्याकाळी विशाखाने पाटावरून पिस्तूल उचललं आणि मेस्त्रीच्या डब्याच्या पिशवीत घातलं. खंडेनवमीला पूजलेलं हत्यार दसऱ्याची पूजा झाल्याशिवाय हलवायचं नसतं. तिने हलवलं.

"तुमी जित्ता केलात," ती म्हणाली. "आता तुमीच मारा."

शनिवारी पिकअपमध्ये पिशवी मांडीवर घेऊन बसलेल्या मेस्त्रीच्या अंगाला एसीतही घाम फुटला होता. सिग्नलला शेजारी गाडी थांबली तरी त्याला वाटे, आता दार उघडतील. मआमीरला पोचेपर्यंत त्याने आयुष्यात केले नव्हते एवढे नवस केले.

दुपारी वर्कशॉप रिकामं झालं तसं त्याने पिस्तूल शेगड्यात धरलं. आधी पिन काढून बाजूला ठेवली. मग करवत लावली. पहिल्या घासालाच त्या डावखुऱ्या माणसाच्या रेघा कापल्या गेल्या, आणि मेस्त्रीला रडू कोसळलं. लाज वाटली त्याला, पण हात थांबवला नाही. नळीचे तीन तुकडे, अंगाचे चार. बोटाचं पेर करवतीने सोललं तेही त्याला कळलं नाही. तुकडे लोखंडी चुऱ्याच्या वेगवेगळ्या पिंपांत टाकावेत म्हणून त्याने गोळा केले, आणि मागे वळला तर दारात हमझा उभा.

हा हमझा चौदा वर्षांचा असल्यापासून सुट्टीत वर्कशॉपमध्ये यायचा. लेथ कशी चालवायची, पोलाद कधी करकरतं आणि कधी गातं, हे त्याला शिकवलं मेस्त्रीनेच. तो जवळ आला. तुकड्यांकडे त्याने फारसं पाहिलं नाही. बाजूला ठेवलेली पिन उचलली आणि उजेडात धरली.

"मेरे को लगा था खिलौना होगा," तो म्हणाला. "फोटो में ठीक से नहीं दिखा. इसलिए पूछने आया."

मेस्त्रीने हातातले तुकडे खाली ठेवले.

हमझाने पिनेच्या टोकाजवळ नख फिरवलं. मेस्त्रीची सवय अख्ख्या वर्कशॉपला ठाऊक होती. कुठलाही भाग असो, त्याची धार तो बोचरी ठेवायचा नाही, केसाएवढा उतार द्यायचाच. कुणाला दिसणार नाही अशा जागीही द्यायचा. हमझाच्या नखाला तो उतार लागला.

"ये तुम्हारा हाथ है, मेस्त्री."

"हो," मेस्त्री म्हणाला. मराठीतच निघालं तोंडातून.

"मेरे लेथ पे? मेरे बाप की दुकान में?" हमझाचा आवाज फुटला. ओरडला असता तर बरं, पण तो दुखावल्यासारखा बोलत होता. "पुलिस आती तो किस को पकड़ती? तुम को, मेरे को, सब को. दुकान बंद. तुम ने सोचा?"

मेस्त्रीने सोचलं नव्हतं. दोन महिने बूट वाजले की तो स्वतःसाठी घाबरला, बायकोमुलीसाठी घाबरला. या पोराचा विचार त्याच्या मनाला एकदाही शिवला नव्हता. त्याने हात जोडले, आणि ते जोडलेले हात बघून हमझाने तोंड फिरवलं.

"बेटी का एग्झाम कब खतम?"

"मार्च."

"मार्च तक रहो. फिर खलास. मैं किसी को नहीं बोलेगा." त्याने पिन खिशात टाकली, तुकडे स्वतः दोन पिंपांत वाटून टाकले, आणि ऑफिसकडे निघाला. दारात थांबून म्हणाला, "कल से लेथ को हाथ नहीं लगाना."

घरी आला तेव्हा पाट तसाच होता. पिस्तुलाच्या जागी लाल कापडावर तेलाचा डाग पडला होता. त्याने विशाखाला सगळं सांगितलं, काही न लपवता. तिने ऐकलं आणि व्हर्नियर, कानशी, हातोडी एकेक करून पुसून पेटीत ठेवायला घेतली. तिच्या मनात मार्चनंतर गावी परतायचा हिशेब सुरू झाला होता हे त्याला दिसत होतं. शिव्या दिल्या असत्या तर त्याने आनंदाने खाल्ल्या असत्या.

कश्मिरा आतल्या दारात उभी होती. सगळं तिच्या कानावर पडलं होतं.

"बाबा," ती म्हणाली, "इज इट बिकॉज ऑफ माय फोटो?"

मेस्त्रीने तिला जवळ बोलावलं. पोरगी आली, शेजारी बसली, आणि तिला रडू फुटलं.

"नाय गो बाय," तो म्हणाला. "फोटोन काय करूक नाय. माझ्या हातान केल्यान."

तिने त्याचा हात उलटा करून पाहिला. पेरावर रक्त सुकलं होतं. ती उठून आत गेली, कापूस आणि पाणी घेऊन आली आणि जखम पुसू लागली. मेस्त्रीने हात तिच्या मांडीवर तसाच राहू दिला. एकोणीस वर्षांत त्या हातावर त्याने दुसऱ्या कुणाला काम करू दिलं नव्हतं.