तेलाचा टँकर

मुरबाडच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्याला एकदा आमच्या जिवाची काळजी वाटू लागली. वायुगळती झाली तर घराघरानं काय करायचं, हे सांगायला त्यांनी समाजमंदिरात सभा ठेवली. ठाण्याहून साहेब आले. वडापाव होता, म्हणून गावही आलं.

पडद्यावर पक्कं घर दिसलं, काचेच्या खिडक्या, सोफ्यावर हसरं कुटुंब. साहेब म्हणाले, "वास आला की आतल्या खोलीत जायचं, दारंखिडक्या लावायच्या आणि फटींत ओले टॉवेल कोंबायचे."

माझ्या सासूबाईंनी हात वर केला. "साहेब, आमचं घर कुडाचं, वर कौलं. कौलांच्या फटींना टॉवेल पुरायचे नाय."

"चिकटपट्टी लावा."

"नि म्हशी?"

"जनावरांचं खातं वेगळं आहे, मावशी."

शेवटी गावची आपत्ती समिती नेमली. अध्यक्ष माझे सासरे, कारण पुढच्या रांगेत तेवढेच जागे होते. त्यांना चकाकणारं हिरवं जाकीट आणि शिट्टी मिळाली. जाकीट घालून ते धसईच्या बाजारात जायचे, हळदीलाही जायचे. गाव हसायचं. पण त्यांनी सगळं मनापासून ऐकलं होतं. घराच्या एका कोपऱ्यात झाकलेली पाण्याची बादली, जुनी धोतरं आणि बॅटरी मांडून ठेवली होती. कुणी हात लावला की ओरडायचे, "ती वायूची हायेत!"

भातकापणीच्या दिवसांत गावाजवळच्या वळणावर टँकर उलटला. कुणीतरी हाक दिली, "तेलाचा टँकर पडला!" आणि गाव हंडे, कॅन, पातेली घेऊन सुटलं. माझ्या धाकट्या जावेनं वायूची बादली अंगणात ओतली आणि रिकामी करून तीच घेऊन पळाली. मी तिला अडवायला म्हणून मागे धावले. कळशी आपली हातात होती.

तिथे तेल नव्हतंच. टँकरमधून पाण्यासारखं काहीतरी गळत होतं आणि जमिनीला लागताच पांढरा धूर उठत होता. डोळ्यांत मिरची गेल्यासारखं झालं. ड्रायव्हर लांब बांधावर उभा राहून दोन्ही हात हलवत होता. लोकांना वाटलं, बोलावतोय.

तेवढ्यात सासरे जाकीट चढवत आले आणि त्यांनी जोरात शिट्टी फुंकली. लोक थबकले. मग एकामागे एक रांगेत उभे राहिले. जाकीटवाला माणूस आला म्हणजे वाटप होणार, एवढं सगळ्यांना ठाऊक होतं.

"अरं, माघारी फिरा! तेल नाय ते, इख हाय!"

रांगेतून कुणी म्हणालं, "काका, तुमची सून पयली उभी हाय. तिला कसं चालतं?"

"जीव जाईल रे!"

"मंग रांग लवकर सरकवा."

सासऱ्यांनी मुरबाडच्या रस्त्याकडे पाहिलं. डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मग एकदम ओरडले, "पोलीस आले! पंचनाम्यात नावं घालतायत!"

रस्ता मोकळा झाला. पोलीस मुरबाडकडून येणार, म्हणून सगळे उलट्या बाजूच्या टेकाडावर पळाले. वारा कुठून वाहतो ते बघून पळायचं, असं साहेबांनी शिकवलं होतं. ते कुणी बघितलं नाही, पण धूर नेमका मुरबाडच्या अंगाला गेला.

जाऊ सगळ्यात पुढे होती, तिला डोळे उघडवेनात. सासऱ्यांनी तिला हाताला धरून हापशीवर नेलं. सासूबाई हापसत राहिल्या, मी तिच्या पापण्या धरून डोळ्यांवर पाणी सोडत राहिले. ती आम्हा दोघींना शिव्या घालत होती. डोळ्यांची आग कमी झाली तेव्हा कुठे मी तिच्या पापण्या सोडल्या.

दुपारी साहेब आले. "प्रशिक्षणामुळे गाव वाचलं," असं त्यांनी पत्रकाराला सांगितलं. सासरे म्हणायला गेले, "नाय साहेब, मी तर..." साहेबांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना कॅमेऱ्याकडे वळवलं.

संध्याकाळी सासरे ताटावर नुसते बसून होते. "जीव जाईल म्हणून बोंबललो तर हसले," ते म्हणाले. "नाव लिवतील म्हटल्यावर पळाले."

जाऊ डोळ्यांवर ओलं फडकं ठेवून पडली होती. तिनं विचारलं, "बाबा, माझं नाव नाय ना घातलं त्यांनी?"

"नाय गो," सासरे म्हणाले, आणि त्यांनी भाकर मोडली.