फरक शून्य हवा

रुग्णालयात त्यांना सगळे पूर्णविराम म्हणत. तोंडावर नाही, पण पाठीमागे इतक्या मोकळेपणाने की त्यांनाही ते माहीत होतं. डोळ्यांच्या त्या मोठ्या रुग्णालयात शस्त्रक्रियेसाठी कोणाचा नंबर कधी, हे ठरवणारा प्रोग्राम त्यांनी तरुणपणी लिहिला होता, कोबोल नावाच्या भाषेत. या भाषेतली वाक्यं पूर्णविरामाने संपतात आणि एखादा चुकून राहिला तर प्रोग्राम भलतीकडे भरकटतो. यांचं बोलणंही तसंच झालं होतं. "चहा. कमी साखर." एवढं म्हणून थांबत. पुढे काही येईल या आशेने चहावाला उगाच उभा राही.

कोबोलमध्ये कामाला हात घालण्याआधी सगळं जाहीर करावं लागतं: काय काय लागणार, ते अक्षर की आकडा, त्याला जागा किती. नावाला वीस अक्षरं म्हटली की वीस. लांबलचक आडनावाच्या एक आजी रुग्णालयाच्या कागदोपत्री अखेरपर्यंत अर्ध्या आडनावानेच वावरल्या. बायको म्हणे, लग्नाआधी यांनी माझ्या नावाची अक्षरं मोजली असणार, नाहीतर मी या घरात मावलेच नसते.

घर म्हणजे रुग्णालयामागच्या वसाहतीतल्या दोन खोल्या. पुढच्या खोलीत आत्या. आई लवकर गेल्यावर यांना वाढवलं तिनेच. आता ती खिडकीपाशी बसून असे. काचबिंदूने दोन्ही डोळे गेले होते. तिची शस्त्रक्रिया ठरली होती, पण रुग्णालयानेच ती दोनदा पुढे ढकलली, एकदा डॉक्टर आजारी म्हणून आणि एकदा शस्त्रक्रियागृहाची दुरुस्ती निघाली म्हणून. दोन्ही वेळा नंबर मागे गेला. तेव्हा ती म्हणाली होती, अरे, तू तिथेच असतोस, जरा विचार की. यांनी सांगितलं, रांग म्हणजे रांग, मशीन कोणाचं ऐकत नाही. ही गोष्ट पुढे ते कचेरीत सांगत. बढाई म्हणून नव्हे, नियम म्हणजे काय ते नव्यांना समजावं म्हणून. आत्याही नातेवाइकांना तेच सांगे, की माझा भाचा वशिला लावणाऱ्यातला नाही. तिचा नंबर लागला तोवर डोळ्यांत वाचवण्यासारखं काही उरलं नव्हतं.

यांच्या निवृत्तीनंतर कोबोल वाचणारं कोणी राहणार नाही, हे व्यवस्थापनाच्या ध्यानात आलं आणि सगळा प्रोग्राम पायथन या आजच्या भाषेत नव्याने लिहून घ्यायचं ठरलं. कंपनीने एक मुलगी पाठवली. तिच्या चष्म्याची भिंगं इतकी जाड की पहिल्या दिवशी दरवानाने तिला रुग्णांच्या बाकावर नेऊन बसवलं. काही महिने जुना आणि नवा असे दोन्ही प्रोग्राम बरोबरीने चालवायचे, रोज सकाळी दोघांच्या याद्या शेजारी ठेवून ताडायच्या आणि फरक शून्य झाला की जुना बंद करायचा, असा करार होता. ताडायचं काम पूर्णविरामांकडे. स्वतःची गच्छंती नीट होते आहे ना, हे स्वतःच तपासायचं, लाल पेन्सिलीने.

सुरुवातीला फरक ढिगाने निघाले आणि सगळे नव्याचेच. कोणीतरी वयाच्या जागी "साठ" असं अक्षरात लिहिलं, तर पायथनने ते मुकाट्याने घेतलं आणि पुढे बेरजेपाशी जाऊन आडवा पडला. पूर्णविराम म्हणाले, तुमची भाषा भोळी आहे, कोणीही काहीही द्यावं आणि तिने पदर पसरावा. मुलगी म्हणाली, तुमच्या भाषेत नुसता नमस्कार करायचा तर आधी हात किती, बोटं किती, हे लिहून द्यावं लागतं. ते चक्क हसले. त्यांचे दात तेव्हा आम्हां कचेरीतल्यांना प्रथम दिसले. तिचं पान वाचून मात्र त्यांनी एकदा कबूल केलं की ते गोष्टीसारखं वाचता येतं; आपलं वाचायचं म्हणजे सरकारी परिपत्रक.

फरक रोज आटत गेले. मग एका सकाळी एकच उरला. एक सुतार, काचबिंदूचाच रुग्ण, नव्या यादीत पहिल्या पानावर होता आणि जुन्या यादीत शेवटच्या. पूर्णविरामांनी नव्या यादीवर लाल खूण केली आणि मुलीला बोलावलं.

तिने नियमावली आणली. आदल्या दिवशी यंत्र बिघडल्यामुळे रुग्णालयानेच सुताराची शस्त्रक्रिया पुढे ढकलली होती आणि अशा वेळी रुग्णाचा मूळ नंबर कायम राहावा, असा नियम होता. रुग्ण स्वतः आला नाही तरच तो मागे जायचा. "सर, माझी यादी बरोबर आहे," ती हळूच म्हणाली.

त्यांनी आपला प्रोग्राम उघडला. तो लिहिला तेव्हा नोंदी चुंबकीय टेपवर असत. टेपच्या मधे काही बदलता येत नसे. सगळी नव्याने लिहा, नाहीतर शेवटी भर घाला. यांनी भर घालायचा मार्ग धरला होता. तारीख पुढे गेली की जुनी नोंद बाद, नवी नोंद शेवटी, नव्या तारखेने. न आलेल्या रुग्णासाठी ते योग्यच होतं. रुग्णालयाने परत पाठवलेल्या रुग्णासाठी वेगळं लिहायला हवं होतं. ते लिहिलेलंच नव्हतं. पुढे टेप गेली, डिस्क आली, पण या पानांना कोणी हात लावला नाही, कारण ती कधी अडली नाहीत. दोष भाषेचा नव्हता. कोबोलमध्ये ते बरोबर लिहिता आलं असतं.

त्या दिवशी त्यांनी चहा सांगितला आणि प्यायलाच नाहीत.

दुसऱ्या सकाळी ते अधीक्षकांकडे गेले आणि चूक सांगितली. अधीक्षकांनी विचारलं, कधीपासून? ते म्हणाले, सुरुवातीपासून.

"इतक्या वर्षांत कोणी तक्रार केली?"

"नाही. ज्यांना दिसत नाही ते यादी कशी वाचणार?"

अधीक्षक दुष्ट नव्हते. त्यांनी पाणी मागवलं, यांना बसवलं आणि समजावलं. नवी यादी वेगळी आली तर जुनी का चुकत होती, हे लिहावं लागेल. ते लिहिलं की मागचे सगळे रुग्ण दारात उभे राहतील आणि त्यांना आपण डोळे तर देऊ शकत नाही. करारात फरक शून्य हवा असं आहे, बरोबर हवं असं नाही. तेव्हा नव्याने जुन्यासारखं वागावं.

मुलीने एक दिवस टाळलं. मग कंपनीतून फोन आला आणि तिने ते लिहिलं. जी चूक करायला कोबोलला चार पानं लागली होती, ती पायथनमध्ये तीन ओळींत बसली. दोन भाषांची याहून नेमकी तुलना आमच्या रुग्णालयात झाली नाही.

घरी त्यांनी आत्याला सगळं सांगितलं. बायको म्हणाली, अहो, आता कशाला, तिला सुखाने बसू द्या. पण ते सांगत राहिले, टेपपासून.  शेवटी आत्या म्हणाली, "म्हणजे माझा नंबर मागे जायला नको होता?"

"नको होता. दोन्ही वेळा."

"मग तुला तेव्हा विचारायला काय झालं होतं?"

ते तिच्या खुर्चीपाशी जमिनीवर बसले. ती म्हणाली, "त्या सुताराचं बघ. माझं राहू दे. मला आता काही वाटत नाही, असं मी म्हणणार नाही."

त्यांनी आपला जुना प्रोग्राम दुरुस्त केला. कोणाला विचारलं नाही. दुसऱ्या दिवशी याद्या पुन्हा वेगळ्या निघाल्या; फक्त आता जुना बरोबर होता आणि नवा चूक. करारानुसार वॉर्डात अजून जुनीच यादी जात होती. सुताराला त्याच आठवड्यात आत घेतलं. त्याच्या पाठोपाठ आणखी दोघा-तिघांना.

अधीक्षकांनी यांना बोलावलं नाही. एका सकाळी जुना संगणक बंद होता आणि त्याच्या तारा गुंडाळून वर ठेवल्या होत्या. ताडायला एकच यादी उरल्यामुळे फरक शून्य आला आणि तसा अहवाल गेला. पूर्णविरामांना निवृत्तीपर्यंत भांडारात बसवलं. तिथे चादरी मोजायच्या असत.

जाण्याआधी मुलगी त्यांच्या घरी आली. आत्यापाशी बसली. म्हणाली, त्या तीन ओळींच्या वर मी एक टीप लिहून ठेवली आहे, की ही चूक आहे, सांगितल्यावरून ठेवली आहे, काढून टाकावी. आत्याने विचारलं, मशीन ते वाचतं का? नाही, टीप माणसांसाठी असते, मुलगी म्हणाली.

"कोणत्या माणसांसाठी?"

"पुढे कधी दुरुस्तीला जो येईल त्याच्यासाठी."

आत्याने भाच्याच्या दिशेने तोंड वळवलं. मागचा प्रोग्राम दुरुस्तीला यायला किती वर्षं गेली, हे त्या खोलीत सगळ्यांनाच ठाऊक होतं. मुलीने कप खाली ठेवला आणि उशीर होतोय म्हणाली. पूर्णविराम तिला जिन्यापर्यंत सोडायला गेले. जिन्यातला दिवा गेलेला होता, म्हणून ती उतरेपर्यंत ते वरून पायऱ्या सांगत राहिले.