कांताबाई कणीक टाकून निघाल्या

"तुम्ही फोटोत पाहून घ्या ना, कांताबाई. मोबाईलवर अजून चकाचक दिसते," भगवानराव म्हणाले आणि बसमध्ये चढले.

संध्याकाळी काठमांडूतल्या एका धर्मशाळेच्या अंगणात, मनगटापर्यंत कणकेचे हात घेऊन, कांताबाई मुनेश्वर उभ्या होत्या. बसमधली बेचाळीस माणसं बौद्धनाथचा स्तूप पाहायला चालली होती. त्रेचाळिसावीनं मागं राहून उद्याच्या प्रवासाच्या पुऱ्या करायच्या होत्या. पहाटे चारला बस परत भारताकडे निघणार होती. म्हणजे पाहायचं ते आजच.

कांताबाई पुसदजवळच्या एका खेड्यात शाळेची खिचडी शिजवतात. एकोणीस वर्षं झाली. पहिली दोन वर्षं निम्म्या पोरांचे डबे घरून यायचे, कारण खिचडी कोणत्या वस्तीतल्या बाईच्या हातची हे साऱ्या गावाला ठाऊक होतं. "चौथीतलं पोट्टं मले म्हणे, आईनं सांगतलं, केळं घेजो, खिचडी नोको घेऊ," त्या आजही नक्कल करून दाखवतात. तरी शिजवत राहिल्या. बकऱ्या पाळल्या, बोकड विकले, आणि यंदा भगवानरावांच्या बुद्धस्थळांच्या सहलीचं पूर्ण तिकीट काढलं. भगवानराव पुसदचे, आपल्याच समाजाचे. सोबत आचारी, सिलिंडर, किराणा, सगळं बसमध्येच.

बुद्धगयेला पोचायच्या आदल्या दिवशी आचारी फकिरा तापानं फणफणला. त्याला रेल्वेनं घरी धाडलं. भगवानरावांनी सगळ्या बसवरून नजर फिरवली आणि ती कांताबाईंवर येऊन थांबली.

"एक दिवस सांभाळून घ्या. तुमचा त रोजचाच हात."

तो एक दिवस संपलाच नाही. बुद्धगयेत भांडी आटोपून त्या धावत गेल्या, तर विहाराचं फाटक बंद. सारनाथला वांग्याची भाजी. कुशीनगरला सकाळी पोहे, दुपारी वरणभात. लुंबिनी त्यांनी बसच्या खिडकीतून पाहिली, मांडीवर मेथीची जुडी घेऊन. आणि निवृत्त शिक्षिका विमलताई दुसऱ्यांदा भाजी वाढून घेताना म्हणायच्या, "काय चव आहे हो तुमच्या हाताला."

बसचे मागचे लाल दिवे वळणावर दिसेनासे झाले. कांताबाईंनी परातीवर ओलं फडकं टाकलं. हात धुतले. ठेवणीतली पांढरी साडी नेसल्या आणि चौकात गेल्या. तिथं भाड्याच्या मोटरसायकली घेऊन पोरं उभी होती.

"बौद्धनाथ जाना है. अभी के अभी."

"अकेली, आमा?" त्यातल्या एकानं विचारलं.

आमा म्हणजे आई, हे त्यांना त्याच्या सुरावरूनच कळलं. त्यानं हेल्मेट दिलं. त्या एका बाजूनं बसल्या.

"ऐसे नहीं, आमा. दोनों तरफ पैर. गिर जाएँगी."

"हमारे गाँव में औरतां ऐसीच बैठती."

"आपके गाँव में गड्ढे नहीं हैं?"

"गड्ढेच हैं. रोड नहीं है."

तो हसला. त्या हसल्या नाहीत. साडी गुडघ्यांमध्ये खोचली आणि आयुष्यात पहिल्यांदा पुरुषासारख्या टांग टाकून बसल्या.

गाडी सुटली. थंड वारा, डिझेलचा धूर, न वाचता येणाऱ्या पाट्या, बंद होत आलेली दुकानं. एवढं परकं शहर अंगावर येत होतं आणि कांताबाईंना भीती वाटायला फुरसतच नव्हती. त्या पोराच्या पाठीशी भांडत होत्या.

"बयालीस लोग. बयालीस."

"आप रसोई वाली हैं?"

"नहीं रे. यात्री. पूरा तिकीट."

"यात्री खाना क्यों बनाएगा?"

"वोच तो मैं पूछ रही."

स्तूपाच्या फाटकाशी पोचल्या तर समोर आपलीच बस. माणसं घाईनं एक चक्कर मारून, फोटो काढून परत चढत होती.

"कांताबाई?" भगवानराव पायरीवरच थांबले. "आन पुऱ्या?"

"कणीक परातीत हाये. लाटून घ्या."

विमलताईंची नजर मोटरसायकलवर गेली. "रात्रीचं, परक्या देशात, अनोळखी माणसाच्या मागं बसून आलात? काही झालं असतं म्हणजे?"

"त पुऱ्या राह्यल्या असत्या. दुसरं काय."

बसमध्ये कोणीतरी फिसकन हसलं. भगवानरावांनी आवाज खाली घेतला. "बसा गाडीत. घरी गेल्यावर बोलू. समाजाची सहल आहे, चारचौघात कायले तमाशा?"

"समाजाची हाये म्हणूनच बोलून राह्यली. दुसऱ्या कोण्या जातवाल्यानं मले अशी चुलीपाशी बसवली असती, त तुम्हीच माईक घेऊन उभे राह्यले असते. शाळेत मले शिजवाचं मानधन तरी भेटते. इथं मी पैसे भरून शिजवून राह्यली."

विमलताईंनी पर्सची चेन उघडली, लावली.

"बस थांबणार नाही," भगवानराव म्हणाले.

"नोका थांबू. माही गाडी हाये."

त्या आत गेल्या. पांढराशुभ्र घुमट, त्यावर रंगवलेले ते दोन मोठे डोळे, खाली दिव्यांच्या रांगा, आणि भोवती एकाच दिशेनं चालणारी माणसं. इथं आल्यावर मन शांत होईल असं त्यांना वाटलं होतं. झालं नाही. बुद्धं सरणं म्हणायला घेतलं की मध्येच 'मोबाईलवर चकाचक' आठवायचं आणि पाऊल दणकन पडायचं. तसंच चालत राहिल्या. एक फेरी पुरी झाली. थांबल्या नाहीत. दुसरी.

तिसऱ्या फेरीला गाडीवाला पोरगा फाटकाजवळून आत आला. "आमा, हो गया ना? सब लोग एक चक्कर में जाते हैं."

"ये सारनाथ की है."

"क्या?"

"इधर की हो गई. गया की हो गई. ये सारनाथ की. कुशीनगर, लुंबिनी बाकी है."

पोरानं स्तूपाकडे पाहिलं, मग घड्याळाकडे.

"वेटिंग का पैसा लगेगा, आमा."

"लगा," कांताबाई म्हणाल्या आणि पुढं निघाल्या.