वजा केलेला आवाज

माझं काम काय हे सांगायचं म्हटलं की दारव्ह्यात अजूनही माझी पंचाईत होते. काही दूरच्या दीर्घिकांच्या गाभ्यातून दोन्ही बाजूंना झोत सुटतात. गाभा थंडावला की झोत थांबतात, रेडिओ दुर्बिणीला काही दिसेनासं होतं. क्ष-किरणांत मात्र त्या झोतांची फिकट झळाळी पुष्कळ काळ उरते. आम्ही तिला सरळ भूत म्हणतो. उपग्रहावरच्या दुर्बिणीने टिपलेली असली भुतं मी माहेरच्या ओसरीत बसून लॅपटॉपवर शोधते.

त्याची एक रीत आहे. शेजारचा आकाशाचा रिकामा तुकडा निवडायचा, तिथला किरकोळ उजेड मोजायचा आणि तेवढा सगळ्या चित्रातून वजा करायचा. मागच्या हिवाळ्यात एका दीर्घिकेवर 'इथे काही नाही' असा शेरा मारून मी मोकळी झाले. सोबत काम करणाऱ्या मुलीने फोनवर चूक दाखवली. माझा तुकडा रिकामा नव्हताच, भूत नेमकं तिथेच पसरलं होतं. त्याचाच उजेड मी त्याच्यातून वजा केला होता. शरमेने कान तापले. पण मूळ निरीक्षणं जपलेली असतात. तुकडा बदलला आणि जेवायच्या आत झळाळी पडद्यावर आली.

मी ओरडलेच. आई तुरीच्या शेंगा सोलता सोलता उठून आली.

"काय सापडलं वं?"

"पुसलेलंही परत आणता येतं, आई," मी बोलून बसले.

"मंग तुह्या बाबाचा आवाज लाव ना. म्या गाणं म्हटलं तवा थे मांगं होते."

बाबांना जाऊन चार महिने झाले होते. त्याआधी मी आईचं एक भीमगीत मोबाइलवर टिपलं होतं. मागे बाबा ताटावर ठेका धरून होते, तोही चुकीचा. मधेच खोकायचे, मधेच "वा, बाई, वा!" नातेवाइकांना पाठवायचं म्हणून मी मागचा आवाज साफ केला. हात त्यातच बसलेला. मूळ खोडूनही टाकलं, फोनमध्ये जागा नव्हती. बाबांचा आवाज दुसरीकडे कुठेच टिपलेला नाही. हे आईला सांगायची हिंमत मला झाली नव्हती, तेव्हाही झाली नाही.

मी साफ केलेलं गाणं लावलं. आई डोळे मिटून ऐकत होती. पहिल्या कडव्यानंतर ती श्वास घ्यायला थांबते, तिथे आता काहीच नाही. नेमकी तिथे ती हसली.

"आयकलं काय? कसे वा म्हनतात."

मी हो म्हणाले.